गच्चीवरची राखण

आई गेल्यावर दोन-तीन दिवसांनी मी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा ॲल्युमिनियमचा डबा खाली काढला. अर्धा भरलेला होता. तांदळाचे खिचिया पापड, जिरं घातलेले, एकावर एक रचून ठेवलेले, तळाला जुन्या सुती साडीचा तुकडा. आईला दुपारच्या जेवणात एक भाजलेला पापड लागायचा. शेवटी शेवटी चावायला जमेना, तेव्हा मी तो चुरून आमटीत भिजवून द्यायचे.

ते पापड मी केलेले होते. त्या डब्यातलेच नव्हेत. आमच्या घरात गेली कित्येक वर्षं जे खाल्ले गेले, आल्यागेल्याला वाढले गेले, धाकट्या बहिणीच्या सासरी वाणगावला पोचवले गेले, ते सगळे मी लाटलेले. हे आईला ठाऊक होतं, धाकटीला ठाऊक होतं, आणि बाबा होते तोवर बाबांना. बाहेरच्या कुणालाही नाही. आईने एकदा चार माणसांत म्हणावं, "हे माझ्या थोरलीच्या हातचे," एवढं एक वाक्य मला तिच्याकडून हवं होतं. बाकी काही तक्रार नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण बाकीच्या तक्रारी झिजून गुळगुळीत झाल्या. ही झाली नाही.

माझं लहानपण डहाणूला, स्टेशनपासून जवळच्या एका दुमजली इमारतीत गेलं. बाबा रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते. इमारतीत सगळी नोकरदार बिऱ्हाडं: शिक्षक, तहसील कचेरीतले कारकून, बँकेतले एक. समोर किराणा दुकानवाल्यांचं गुजराती घर; त्यांच्या बाईंना सगळे बेन म्हणत. गच्ची सगळ्यांची मिळून एक. तिच्यावरून एका बाजूला चिकूच्या वाड्या दिसायच्या आणि दुसऱ्या बाजूला वीजकेंद्राची चिमणी. समुद्र दिसत नसे, पण पश्चिमेचा वारा सुटला की वाळत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा आणि बायका नाकाला पदर लावून म्हणायच्या, "झालं, पापडांना वास लागणार आज."

होळी उलटली की पापड सुरू. खालच्या अंगणात तीन दगडांवर मोठं पातेलं चढायचं, त्यात पाणी, मीठ, जिरं, पापडखार, आणि उकळी फुटली की तांदळाचं पीठ. बेन पीठ ढवळताना घामाने न्हायच्या. वाफवलेला तो गोळा गरम असतानाच मळावा लागतो, गार झाला की पापडाच्या कडा फाटतात. मग बायका गोल बसून लाट्या करायच्या, प्लास्टिकच्या कागदात दाबायच्या, लाटायच्या आणि पोरी ते कागद उचलून वर गच्चीवर न्यायच्या. खाटांवर जुन्या साड्या पसरलेल्या असत. इमारतीतल्या सगळ्या मुलांना त्या गरम पिठाचा एकेक गोळा कच्चं तेल घालून खायला मिळे. माझा गोळा वेगळ्या वाटीत, जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवलेला असे. ती वाटी वर्षभर जिन्याखालच्या कोनाड्यात असायची.

मी चौथीत असताना माझ्या बोटांच्या पेरांवर पांढरे ठिपके उठले. मग ते एकमेकांना मिळाले. मग ओठाच्या कडेला, मग कोपरांवर. कोड हा शब्द आमच्या घरात कुणी कधी उच्चारला नाही. आई सांगायची, भाजलंय. "उकळतं दूध सांडलं हो हातावर." पुढच्या वर्षी डाग मनगटापर्यंत आले, तेव्हा इस्त्री लागली होती. ओठाला चहा. दर वर्षी मी नव्याने भाजत गेले आणि इमारतीतल्या बायका दर वर्षी, अगंबाई, जपत जा गं, असं म्हणत राहिल्या. त्यांना सगळं कळत होतं. आईलाही कळत होतं की त्यांना कळतंय. पाठीमागे त्या म्हणायच्या, मासे आणि दूध एका जेवणात दिलं असणार हिला. त्यावरून आईने माझे मासे बंद केले. डहाणूत राहून माझ्या तोंडाला वर्षानुवर्षं बोंबील लागला नाही.

डाग उठल्यानंतरच्या पहिल्या पापडांना मी सवयीने लाट्यांच्या गोलात जाऊन बसले. बँकेतल्या काकांची बायको, आम्ही तिला काकूच म्हणायचो, लाटणं खाली ठेवून आईकडे बघत म्हणाली, "वहिनी, हिला पिठात हात नका घालू देऊ हं. उष्णतेचं काम आहे, पोरीला त्रास होईल."

"छे, ती कशाला," आई म्हणाली. "ती वर कावळे राखेल. ऊन घ्यायला सांगितलंय तिला, तेही होईल."

"बरं झालं बाई. बुजगावणं आणायला नको."

बायका हसल्या. कुणी पिठाच्या हाताने डोळे पुसले. मी आईकडे पाहिलं, तर तीही हसत होती. हसता हसता तिने माझ्या हातात काठी दिली. काठीच्या टोकाला काळ्या छत्रीच्या कापडाचा तुकडा बांधलेला होता.

ऊन घ्यायला सांगितलं होतं ते वैदूने. बावचीचं तेल डागांवर चोळायचं आणि उन्हात बसायचं, म्हणजे कातडीचा रंग परत येतो, असं. तेल काळसर, उग्र वासाचं. आई स्वतः चोळायची, नीट, बोट न् बोट. मग मी गच्चीवर. तासाभरात चुरचुरायला लागे, दुपारी फोड यायचे, फोड फुटले की पाणी, मग खपली. खपली पडली की खालचा डाग आधीपेक्षा मोठा दिसे. म्हणजे भाजल्याचं जे आई सांगत होती, ते त्या उन्हाळ्यांत खरं झालं.

पाण्याच्या टाकीची सावली गच्चीच्या कोपऱ्यात पडायची. त्या सावलीत बसायला मनाई होती. बाबा मला वाचनालयातून पुस्तकं आणून द्यायचे. मांडीवर पुस्तक, हातात काठी. वाचायची सवय मला तिथे लागली. वाचनाची आवड वगैरे जे लोक म्हणतात ते नंतरचं. पुस्तकात मान घातली की खालून जिन्याने कोण वर येतंय ते बघावं लागत नसे.

कावळ्यांबद्दल मी बरंच शिकले. ते जोडीने यायचे. एक समोर कठड्यावर बसून ओरडायचा, मी काठी घेऊन त्याच्याकडे धावले की दुसरा मागच्या खाटेवरून पापड उचलायचा. ओला पापड त्यांना जास्त आवडे. पूर्ण उचलता नाही आला तर मधेच चोच मारून भोक पाडत. पापडाला भोक दिसलं की खालून काकूची हाक यायची, "काय गं, झोपलीस का पुस्तकं वाचून?" आवाज कसा काढायचा हेही जमलं. नुसतं हाड-हाड करून भागत नाही. जीभ टाळूला लावून लांब हाऽश्श करायचं आणि त्याच वेळी हात झटक्यात वर न्यायचा. हात वर गेला की कावळा खात्रीने उडतो.

एकदा बाबा ड्यूटी संपवून गणवेशातच वर आले. हातात छत्री होती. ती त्यांनी उघडून माझ्या डोक्यावर धरली आणि थोडा वेळ उभे राहिले. मग आईची हाक आली तशी ती मिटून खाली गेले.

पुढे इमारतीत सगळ्यांनी मिळून पापड करायची पद्धत मोडली. दोन-तीन बिऱ्हाडं बदलून गेली, बेनच्या घरी दाबायचं यंत्र आलं, जो तो आपल्यापुरते घरी करू लागला. त्याच सुमाराला आईची मनगटं दुखायला लागली. तिला गरम गोळा मळवेना. एका पहाटे तिने दार आतून लावून घेतलं, खिडकीचा पडदा ओढला आणि मला उठवलं. "मळून दे," म्हणाली. मी मळलं. "लाटून बघ." मी लाटले. मी वर्षानुवर्षं वरून बघत आले होते, कुणाच्या कडा फाटतात, कुणाचे जाड होतात, कोण पाणी कमी घालतं. माझा पापड उजेडाला धरला तर पलीकडचं दिसायचं. आईने एक हातात घेऊन खिडकीच्या फटीजवळ नेला, पाहिला आणि परातीत ठेवला. "जिरं थोडं जास्त झालंय," म्हणाली.

उजाडताना ते पापड ती स्वतः वर नेऊन पसरायची. कुणी विचारलं तर, "पहाटेच उठून उरकले," असं. खोटं नव्हे, पण कोण उठलं ते त्यात नसे. मग थोड्या वेळाने काठी घेऊन मी जायची आणि माझेच पापड तिचे म्हणून राखत बसायची. कॉलेजच्या वर्षांत, डी.एड. होईपर्यंत आणि नोकरी लागल्यावर सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

नोकरी मला तलासरीला लागली, शाळेत. रोज एस.टी.ने. पहिल्याच आठवड्यात पाड्यावरून येणाऱ्या एका मुलीने माझा हात धरून उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "बाई, दुखतं का?" नाही म्हटल्यावर तिने सोडून दिला आणि पाढे म्हणायला लागली. त्याच शाळेत मला नकाशा बाई म्हणायचे, हेही लवकरच कळलं. एकदा फळ्यापुढे खरा नकाशा टांगला होता तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "गुजरात बाईंच्या डाव्या हातावर आहे," आणि वर्ग फुटला. मी डाव्या हाताकडे पाहिलं. होता खरा, कच्छसकट.

धाकटीला पाहायला वाणगावचे लोक येणार होते, त्याच्या आदल्या दिवशी आईने मला पापड करायला बसवलं. डबा भरला. सकाळी ती म्हणाली, "मावशीकडे जाऊन ये कासाला. बरेच दिवस गेली नाहीस." मी गेले. चारोटी नाक्याला उतरून जीपने कासाला, मावशीच्या दारात. मावशीने विचारलंसुद्धा नाही का आलीस. "आज तिकडे बघायला येतायत ना," एवढंच म्हणाली आणि मला मटार सोलायला दिले.

तिकडे काय झालं ते धाकटीने मला संध्याकाळी सगळ्या आवाजांत करून दाखवलं. मुलगा कंपनीत कामाला, घरची भाताची शेती, भाजीची वाडी, माणसं बरी. मुलाच्या आईने पोहे खाल्ले आणि पापडाचा तुकडा मोडून उजेडाला धरला.

"हे कुणी केले?"

"हिनेच," आई म्हणाली.

"एवढे पातळ? आमच्याकडे असे कुणाला येत नाहीत. हात चांगला आहे हो हिचा." आणि मुलाकडे वळून, "बघ, घरात हे असं लागतं. नुसतं शिक्षण काय चाटायचंय."

धाकटी हसून लोळत होती. "ताई, तुझ्या पापडांनी मला खपवलं." मीही हसले. आम्ही दोघी खूप हसलो त्या संध्याकाळी.

लग्नात मी होते. आईने माझ्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत मेंदी काढवून घेतली, नवरीपेक्षा गच्च. डागावर मेंदी नारिंगी उतरते, बाजूला तपकिरी. दोन रंगांचे हात घेऊन मी मंडपात वावरले. ओठांना लिपस्टिक. विहीणबाईंनी विचारलं, थोरलीचं अजून जमलं नाही का? आई म्हणाली, "लग्नच नको म्हणते हो ती. पुस्तकांत असते सारखी."

मेंदी उतरली तसं त्यांना कळलं. त्या भांडल्या नाहीत, लेकाला काही म्हणाल्या नाहीत. पण त्यानंतर आमच्या घरी आल्या की त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली असायची. चहा नको, आत्ताच झाला. जेवण नको, उपास आहे. एखादा उपास मला माहीत नसलेलाही असायचा. खुर्चीच्या कडेवर बसून त्या आपल्या बाटलीतलं पाणी प्यायच्या आणि आईला सांगायच्या, "बाकी काही म्हणा, सूनबाईचे पापड म्हणजे पापड. आमच्या आळीत नेऊन वाटते मी."

सूनबाईचे पापड दर उन्हाळ्यात मी करायचे. धाकटी माहेरपणाला यायची, चार दिवस पडून राहायची, आणि जाताना दोन डबे घेऊन जायची. सासरी सांगायची, आईकडे जागा मोकळी आहे, गच्ची आहे, तिथेच करून आणते. कधी फोन करायची, "ताई, यंदा जिरं कमी टाक गं, सासूबाईंना दातात अडकतं." मी कमी टाकायची. ज्या बाईला आमच्या घरचं पाणी चालत नव्हतं ती माझ्या बोटांनी मळलेलं वर्षभर खात होती, आणि ते तिला सांगायचं नाही, असं आम्ही तिघींनी न ठरवता ठरवलं होतं.

बाबा गेले, मग आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. त्यानंतर तिचं सगळं मी केलं. हे मोठेपणाने सांगत नाही. घरात मी होते, म्हणून मी केलं. सकाळी तिचं आवरून तलासरीची एस.टी. पकडायची, मी परत येईपर्यंत बेनची सून येऊन बसायची. आईच्या तोंडात घास मी घालायची. तेव्हा तिला माझ्या बोटांचं काही वाटत नसे. चवीबद्दल मात्र बोलायची. तोंड वाकडं झालं होतं तरी मीठ कमी आहे हे तिला स्पष्ट सांगता येई.

भेटायला माणसं येत. आई मला खुणेने पापड भाजायला सांगायची. मी भाजून, ताटलीत ठेवून, ताटली दाराजवळच्या स्टुलावर ठेवायची, म्हणजे ज्याने त्याने उचलून घ्यावे. आई जड जिभेने सांगायची, "धाकटीने पाठवलेत." मग लोक खायचे.

एका रविवारी काकू येऊन गेली. तिनेही दोन खाल्ले आणि धाकटीचं कौतुक केलं. ती गेल्यावर मी आईच्या पलंगाशी बसले.

"आई, एकदा सांग ना."

"काय?"

"पापड मी करते म्हणून. काकूला सांग, मावशीला सांग. कुणाला तरी."

ती छताकडे बघत राहिली. "आणि तिच्या सासरी कळलं म्हणजे?"

"एवढी वर्षं झाली. मुलं मोठी झाली तिची. काय करणार आहेत आता?"

"खाल्लेलं ओकता येत नाही त्यांना," आई म्हणाली. एकेक शब्द ती जुळवून जुळवून बोलत होती. "म्हणून जास्त चिडतील. तिला बोलतील जन्मभर."

"मग मला?"

"तुला कोण काय बोलणार. तुझं काय जायचंय." दम घेऊन तिने वाक्य पुरं केलं. "तुझं आधीच गेलंय."

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. आईने डाव्या हाताने माझी बाही ओढली.

"एक भाज. कडक नको."

मी भाजला. तिला आवडायचा तसा, अर्धा कच्चा.

माघ संपता संपता ती गेली. सकाळची वेळ होती, मी तिचं तोंड पुसत होते. मावशी कासाहून आली, धाकटी नि तिच्या घरचे वाणगावहून. आंघोळ मावशीने आणि काकूने घातली. मी गरम पाणी आणून दिलं, ते दाराशी घेतलं. कुणीतरी म्हणालं, आल्यागेल्याला चहा लागेल. मी गॅसकडे वळले, तर मावशी म्हणाली, "तू राहू दे गं. तुझ्यावर कशाला भार. नाक्यावरून मागवू." नाक्यावरून थर्मास आला. माझ्या स्वयंपाकघरात कागदी कप रचले गेले. विहीणबाईंनी त्यातलाही घेतला नाही.

क्रियाकर्म कुणी करायचं यावर चर्चा झाली. गुरुजी म्हणाले, मुलगा नाही, थोरल्या मुलीने केलं तरी चालतं आता. मावशी म्हणाली, जावई आहेत ना, मुलासारखेच. विषय संपला.

दहाव्याच्या आदल्या दिवशी धाकटीने मला आत बोलावलं. "ताई, उद्या पानावर आईच्या आवडीचं ठेवायचं ना. पापड तेवढे भाजून आण. पण डबा माझ्याकडे दे. मी ठेवीन." तिचे डोळे सुजलेले होते. ती खरंच रडत होती, इतके दिवस. मी डबा दिला.

दहावा किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांजवळच्या ओट्यावर. गुरुजींनी उन्हं वर यायच्या आत बोलावलं होतं, पण वाणगावची गाडी उशिरा आली. जावयांनी पिंड मांडले. खालच्या पायरीवर केळीच्या पानावर भात, वरण, शिरा, आणि कडेला धाकटीने पापड ठेवले.

"पुढे ठेव की, दिसू देत," विहीणबाई म्हणाल्या. "तुझ्या हातचे, आईचा जीव होता त्यांवर."

धाकटीने ते पुढे सरकवले. माझ्याकडे पाहिलं नाही.

सगळे मागे सरून उभे राहिले. कावळा आला नाही. लांब पाण्याशी होड्या लागल्या होत्या, तिकडे मात्र आकाश काळं होतं. पाट्यांतून मासळी उतरत होती, बांबूंवर बोंबील टांगत होते, आणि गावातला झाडून सारा कावळा तिथे. गुरुजी पुटपुटले, "म्हणून लवकर या म्हटलं होतं. होड्या लागल्या की यांना भात कोण विचारतो."

पण आमच्यातल्या कुणाला ते कारण पुरेना. जावयांनी हात जोडले. "आई, ताईंची काळजी करू नका. आम्ही आहोत." नाही आला. धाकटी म्हणाली, "आई, मी सगळं सांभाळीन." नाही आला. मावशी माझ्याकडे वळली. "तू बोल गं. तुझ्यात अडकलाय जीव तिचा. सांग, माझी काही इच्छा राहिली नाही म्हणून."

सगळे माझ्याकडे बघत होते. आईची कुठली इच्छा राहिली असेल ते मला सुचेना. तिला हवं होतं तसंच सगळं झालं होतं.

"माझं ठीक आहे, आई," मी मोठ्याने म्हणाले.

कुणीही आलं नाही. वाळूवर वारा होता आणि पापड पानावर हलत होते. मग काकू मागून म्हणाली, "तू जरा लांब हो बघू. लहानपणी इतके हाकललेस, ओळखत असतील तुला."

कुणीतरी फसकन हसलं. मग दोघंतिघं, तोंडावर रुमाल धरून. मी धाकटीकडे पाहिलं. तिने ओठ दाबले होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि ती हसत होती.

मी मागे झाले, झाडांपर्यंत. तरी आला नाही. गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी दर्भाच्या काड्या वळून, गाठ मारून एक कावळा केला, त्याची चोच पिंडाला लावली, मंत्र म्हटला आणि हात धुतले. झालं, म्हणाले. माणसं भराभर गाड्यांकडे गेली. जेवण हॉलवर सांगितलं होतं. धाकटी जाता जाता म्हणाली, "ताई, डबा आणि ताम्हन तेवढं घेऊन ये. आम्ही पुढे होतो."

मी ओट्याजवळ गेले. ताम्हन धुतलं, डब्याचं झाकण लावलं. आत आणखी पापड होते. तेवढ्यात सुरूच्या फांदीवरून एक कावळा खाली उतरला. एकटाच, मानेवर करडा, म्हातारा असावा. पानापासून थोडा लांब बसला, तिरक्या दोन उड्या मारून जवळ आला. भाताकडे त्याने बघितलं नाही. मान वाकडी करून पापडावर डोळा धरला आणि चोच उघडली.

हाऽश्श.

माझा हात वर गेला तसा तो उडाला, सवयीने समोरच्या दगडावर बसला आणि वाट बघू लागला. पुन्हा आला. मी पुन्हा हाकलला. तिसऱ्यांदा मी काठीसाठी सुरूची वाळकी फांदी उचलली. होडीकडचे आणखी दोघे आले, एक समोर ओरडायला लागला, म्हणजे दुसरा मागून येणार हे मला माहीत होतं, आणि तो आला तेव्हा मी वळलेली होते. त्यांतल्या एकालाही मी पानाला चोच लावू दिली नाही. भरतीचं पाणी हळूहळू ओट्याच्या पायरीपर्यंत चढलं. मग पानाखाली शिरलं. पापड आधी मऊ पडले, मग वितळल्यासारखे पांढरे झाले आणि पान गेलं.

हॉलवर पोचले तेव्हा पंगत बसली होती. धाकटीने विचारलं, "एवढा वेळ काय करत होतीस गं?"

"पापड राखत होते," मी म्हटलं आणि डबा तिच्या पुढ्यात ठेवला.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पटकन डबा उचलून टेबलाखाली ठेवला. विहीणबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून आपली बाटली काढली, पाणी प्याल्या, आणि वाढप्याला म्हणाल्या, "सूनबाईचे पापड उरलेत वाटतं त्या डब्यात. वाढायला घ्या ते."